मुक्यांचीं पोटांतलीं दुखणीं

जनावराचें दुखणें दोन प्रकारचें असतें. एक डोळ्यांना दिसतें, दुसरें दिसत नाहीं. बैलाचा खांदा सुजला, घोड्याचा खूर फाटला, कुत्र्याचा पाय मुरगळला, तर तें कोणाही जाणत्या माणसास कळतें, आणि त्यावरचा उपायहि गांवोगांव पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असतो. मावळच्या शेतकऱ्याला ह्या बाहेरच्या दुखण्यांचें ज्ञान कधीं कमी नव्हतें. परंतु यकृत बिघडलें, मूत्रपिंडें झिजलीं, रक्तांत जंतु शिरले, म्हणजे जनावर कोपऱ्यांत जाऊन बसतें, वैरण किंवा भाकरी सोडतें, आणि त्यापलीकडे कांहीं सांगत नाहीं. ह्या आंतल्या दुखण्याचा माग माणसानें कसा काढला, आणि ती विद्या बोरघाटाच्या दोन्ही तोंडांशीं कशी येऊन पोहोंचली, हा इतिहास मोठ्या वांकड्या वाटेनें गेलेला आहे. कुत्र्यामांजरांच्या वाट्याला ती विद्या सर्वांच्या शेवटीं आली.

प्राचीन काळीं आपल्याकडे पशुवैद्यक नव्हतें असें मुळींच नाहीं. अश्ववैद्यकाला शालिहोत्राचें नांव लागलें आणि गजवैद्यकाला पालकाप्याचें. पालकाप्याचा 'हस्त्यायुर्वेद' पुण्याच्या आनंदाश्रमानें १८९४ सालीं छापून काढला. महारोग, क्षुद्ररोग, शल्य असे विभाग पाडून हत्तीच्या दुखण्यांचा त्यांत जो विस्तार केला आहे, तो पाहून आजचा वाचक थक्क होतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्यानें सुमारें ११३० सालीं रचलेल्या 'मानसोल्लासां'त तर 'सारमेयविनोद' ह्या नांवानें कुत्र्यांच्या शिकारीचें स्वतंत्र प्रकरणच आहे. तथापि ह्या सगळ्याकडे बारकाईनें पाहिलें म्हणजे ध्यानांत येतें कीं, वैद्य गेला तो पागेकडे आणि गजशाळेकडे. मराठेशाहींतील सालोत्री, ज्याचें नांव शालिहोत्रावरूनच झिजून आलेलें आहे, त्याचें पोट घोड्यावर चाले. घोडा मेला तर स्वार पायउतार होई. कुत्रें मेलें तर दुसरें मिळे. कुत्र्यावर माया करणारे राजे झाले नाहींत असें नव्हे. छत्रपति शाहूंना त्यांच्या खंड्या नांवाच्या कुत्र्यानें वाघापासून वांचविलें अशी आख्यायिका आहे, आणि त्याची समाधि साताऱ्याजवळ संगम माहुलीस आजहि दाखवितात. परंतु त्या मायेंतून कुत्र्यांच्या वैद्यकाची शाळा कांहीं निघाली नाहीं.

युरोपांतहि गोष्ट वेगळी नव्हती. फ्रान्समध्यें लिओं शहरीं क्लोद बूर्जला ह्यानें १७६१ सालीं राजाज्ञा मिळवून जगांतलें पहिलें पशुवैद्यक विद्यालय काढलें, तें गुरांच्या बुळकांडीच्या धास्तीनें आणि घोड्यांच्या हितासाठीं. लंडनचें विद्यालय १७९१ सालचें. तेथेंहि घोडाच मुख्य. इंग्रजांनीं ही विद्या हिंदुस्थानांत आणली तीहि लष्कराच्या पाठीवरून. १८६२ सालीं पुण्यास लष्करी पशुवैद्यक शाळा उघडली. ह्या देशांतली त्या प्रकारची ती पहिलीच शाळा होय. पुण्यास व खडकीस रिसाले आणि तोफखाना होता. म्हणून शाळा येथें निघाली, दुसरें कांहीं कारण नव्हतें.

आंतल्या दुखण्याचें दार उघडलें तें मात्र ह्याच लष्करी घोड्यानें. १८८० सालीं डेरा इस्माइलखान येथें ग्रिफिथ इव्हान्स नांवाचा लष्करी पशुवैद्य सर्रा नांवाच्या रोगानें झिजून मरणाऱ्या घोड्यांचें व उंटांचें रक्त सूक्ष्मदर्शकाखालीं पाहत होता. त्या रक्तांत त्याला वळवळणारे सूक्ष्म जीव दिसले. रोगाचें कारण हेच जीव, असें त्यानें सांगितलें. त्याच्या वरिष्ठांस तें पटलें नाहीं. अशा प्रकारच्या जीवामुळें सस्तन प्राण्याला रोग होतो, हें दाखवून देणारा तो पहिलाच मनुष्य होता, हें पुढें सर्वमान्य झालें. पण त्या वेळीं त्याला उपेक्षाच सोसावी लागली. पांच वर्षांनीं, १८८५ सालीं, जॉन हेन्री स्टील ह्या दुसऱ्या लष्करी पशुवैद्यानें ब्रह्मदेशांतील सामानवाहू खेंचरांच्या रक्तांत तोच जीव पाहिला आणि त्यास इव्हान्सचें नांव दिलें. ह्या स्टीलची गांठ पुढें पुन्हां पडणार आहे.

पुण्याचा मान एवढ्यावर थांबत नाहीं. १८८९ च्या डिसेंबरांत पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्यें सरकारनें इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन केली आणि आल्फ्रेड लिंगार्ड ह्यांस तिचे प्रमुख नेमलें. बुळकांडी आणि सर्रा ह्यांवर तेथें प्रयोग चालत. परंतु सांसर्गिक रोगांचे प्रयोग भरवस्तींत करणें धोक्याचें, शिवाय हवाहि उष्ण, म्हणून १८९३ सालीं ती प्रयोगशाळा हिमालयांत मुक्तेश्वर येथें हलविण्यांत आली. आज बरेलीच्या इज्जतनगरची जी मोठी संशोधनसंस्था आहे ती ह्याच प्रयोगशाळेची वाढलेली शाखा. पुणेकरांस आपल्या शहरांत काय काय आरंभ झालें ह्याचा अभिमान पुष्कळ असतो. ह्या आरंभाची आठवण मात्र त्यांच्यापैकीं फार थोड्यांस आहे.

आतां घाटाखालीं उतरूं. मुंबईस ही विद्या लष्करामुळें आली नाहीं. ती दयेमुळें आली, आणि त्या दयेच्या मुळाशीं कुत्रेंच होतें. जून १८३२ मध्यें मोकाट कुत्रीं मारण्याच्या सरकारी हुकमाविरुद्ध मुंबईच्या पारशी लोकांनीं दंगा केला. दुकानें बंद पडलीं, इतर जातींचे व्यापारीहि त्यांत सामील झाले. पारशी धर्मांत कुत्र्याला केवढें स्थान आहे हें ठाऊक नसलेल्या अधिकाऱ्यांना हा प्रकार चमत्कारिक वाटला. 'वेंदिदाद' ह्या त्यांच्या धर्मग्रंथांत एक सबंध प्रकरण कुत्र्याविषयीं आहे, आणि आजारी कुत्र्याची शुश्रूषा धर्मबंधूप्रमाणें करावी अशी त्यांत आज्ञा आहे. १८७४ सालीं मुंबईस प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध करणारी संस्था निघाली, आणि तिच्या विद्यमानें, सर दिनशा माणेकजी पेटिट ह्यांच्या देणगींतून, परळ येथें त्यांच्या पत्नीच्या नांवें बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय उभें राहिलें. रुग्णालय झालें म्हणून शिकविण्याची सोय झाली. २ ऑगस्ट १८८६ रोजीं त्याच आवारांत मुंबईचें पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालें. त्याचे पहिले प्राचार्य हेच जॉन हेन्री स्टील.

स्टील ह्यांनीं बैलाच्या, हत्तीच्या आणि मेंढीच्या रोगांवर ग्रंथ लिहिले. पण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचा ग्रंथ १८८८ सालचा, कुत्र्याच्या रोगांवरचा. मुंबईच्या महाविद्यालयाचा प्राचार्य, सैन्यांत घोडे व खेंचरें तपासण्यांत आयुष्य घालविलेला, तो कुत्र्याच्या फुप्फुसांचा, यकृताचा आणि आंतड्यांचा स्वतंत्र ग्रंथ लिहितो, ही घटना लहान नव्हे. तीन वर्षांनीं, १८९१ सालीं, ऐन उमेदींत स्टील वारले. त्यांच्या नांवें विलायतेंत पदक दिलें जाऊं लागलें. मुंबईंत त्यांचें नांव महाविद्यालयाबाहेर आज कोणी घेत नाहीं.

ह्या दोन शहरांच्या मध्यें मावळ. १८३० सालीं बोरघाटांतून गाडीरस्ता झाला, १८६३ सालीं आगगाडी घाट चढली, आणि लोणावळें व खंडाळें हीं हवा खाण्याचीं गांवें बनलीं. रेल्वेच्या गोऱ्या कामगारांचीं बिऱ्हाडें, मुंबईच्या पारशी व भाटिया धनिकांचे बंगले, पुढें टाटांच्या वीजयोजनेसाठीं वळवण आणि शिरोटा येथें बांधलेले तलाव, ह्या सर्वांबरोबर मावळांत एक नवीन रहिवासी आला. तो म्हणजे घरांत राहणारें, जातिवंत कुत्रें. मावळचें जुनें कुत्रें राखणदार होतें. तें अंगणांत निजे, उकिरड्यावर पोट भरी, आणि मरेपर्यंत वैद्याचें तोंड पाहत नसे. बंगल्यांतल्या कुत्र्यास गादी मिळाली. पण आजारी पडल्यावर त्याचीहि स्थिति फारशी निराळी नव्हती. कारण मावळ तालुक्यांतील सरकारी दवाखाने निघाले ते गायीगुरांसाठीं, बैलांसाठीं, शेळ्यामेंढ्यांसाठीं, आणि त्यांत वावगें कांहींच नव्हतें. भाताच्या मुलखांत बैल आडवा झाला तर कुटुंब आडवें होई.

कुत्र्याच्या पोटांतील दुखण्यांकडे शास्त्रज्ञांचें लक्ष गेलें तें दोन कारणांनीं. एक कारण विलायतेंतील शिकारी लोकांचें. त्यांचीं शिकारी कुत्रीं डिस्टेंपरनें पटापट मरत. १९०५ सालीं फ्रान्सच्या कारे ह्यानें हा रोग अतिसूक्ष्म विषाणूमुळें होतो असें दाखविलें. इंग्लंडांत 'फील्ड' ह्या शिकारीच्या साप्ताहिकानें निधि जमविला, आणि लेडलॉ व डंकिन ह्यांनीं १९२८ च्या सुमारास त्यावर लस तयार केली. ह्या कामांत त्यांना फेरेट नांवाच्या मुंगसासारख्या प्राण्याचा उपयोग झाला, आणि त्याच अनुभवावरून १९३३ सालीं माणसाच्या इन्फ्लुएंझाचा विषाणु हातीं लागला.

दुसरें कारण अधिक विचार करण्यासारखें आहे. माणसाला स्वतःच्या पोटांत काय चालतें हें जाणून घ्यावयाचें होतें, आणि त्यासाठीं त्यानें कुत्र्याचें पोट उघडलें. १८८९ सालीं, म्हणजे पुण्याची प्रयोगशाळा निघाली त्याच वर्षीं, जर्मनीच्या ताब्यांतील स्ट्रासबुर्ग येथें मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग ह्यांनीं एका कुत्र्याचें स्वादुपिंड काढून टाकलें. कुत्र्याला एकाएकीं अतिशय तहान लागूं लागली, तें वारंवार लघवी करूं लागलें, आणि त्या लघवींत साखर सांपडली. मधुमेहाचें मूळ स्वादुपिंडांत आहे हें असें कळलें. १९२१ सालीं कॅनडांत टोरोंटो येथें बँटिंग आणि बेस्ट ह्यांनीं पुन्हां कुत्र्यांवरच प्रयोग करून इन्शुलिन मिळविलें, आणि पुढील वर्षाच्या आरंभीं तें पहिल्या मधुमेही मुलाला टोंचलें गेलें. तेव्हांपासून कोट्यवधि माणसें त्या औषधावर जगलीं. कुत्र्यालाहि मधुमेह होतो. आज पुण्यामुंबईच्या कित्येक घरांतून म्हाताऱ्या कुत्र्याला सकाळसंध्याकाळ तेंच इन्शुलिन टोंचतात. ही फेड पुरी झाली असें म्हणवत नाहीं, पण ती होऊं लागली एवढें खरें.

मावळाच्या बाबतींत हवेचा विचार केल्यावांचून हें वर्णन पुरें होणार नाहीं. लोणावळ्यास वर्षाकाठीं साधारण चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पावसाच्या आगेंमागें गवत माजतें, ओल भिंतींत मुरते, उंदीर घरांत शिरतात, आणि गोचिडांना अंडीं घालण्यास भिंतीच्या भेगा मिळतात. कुत्र्याच्या अंगावरची तपकिरी गोचीड दिसावयास क्षुद्र. तिनें रक्त प्यालें ह्याचें दुःख नाहीं, तिनें रक्तांत काय सोडलें हा प्रश्न आहे. १९१० सालीं मद्रासकडे पॅटन ह्या डॉक्टरानें शिकारी कुत्र्यांच्या तांबड्या रक्तपेशींत राहणारा एक परजीवी शोधून काढला. तो पेशी फोडतो. कुत्र्याच्या हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी गडद होते. १९३५ सालीं अल्जीरियांत दोनात्यां आणि लेस्तोकार ह्यांनीं गोचिडीनेंच पसरणारा दुसरा जंतु पाहिला. त्याचें घर पांढऱ्या पेशींत. हा दुसरा फार कपटी. पहिला ताप येऊन जातो, कुत्रें बरें झालेंसें दिसतें, आणि महिन्यांनंतर नाकांतून रक्त येऊं लागतें, कारण रक्त गोठविणाऱ्या सूक्ष्म चकत्या तोंपर्यंत संपत आलेल्या असतात. व्हिएतनामच्या युद्धांत अमेरिकन सैन्याचीं शेंकडों कुत्रीं ह्या रोगानें गमावलीं, तेव्हां कोठें जगाचें लक्ष तिकडे गेलें. वेळेवर कळल्यास डॉक्सिसायक्लिन नांवाच्या साध्या, स्वस्त औषधानें तो बरा होतो. वेळेवर कळणें हीच अडचण, आणि त्यासाठीं रक्ताचा थेंब कांचेवर पसरून पाहणारा जाणकार डोळा हवा.

पावसाळ्यांतला दुसरा शत्रु लेप्टोस्पायरोसिस. उंदराच्या लघवीवाटे हा जंतु सांचलेल्या पाण्यांत उतरतो, आणि डबक्यांत खेळणाऱ्या किंवा तें पाणी पिणाऱ्या कुत्र्याच्या अंगांत शिरतो. मग यकृत आणि मूत्रपिंडें दोन्ही एकदम घेरलीं जातात, डोळे पिवळे होतात. भातखाचरांत उघड्या पायांनीं काम करणाऱ्या माणसालाहि हा रोग होतो. जपानांत इनाडा आणि इडो ह्यांनीं १९१५ च्या सुमारास त्याचा जंतु शोधला, तो माणसाच्या रोगावरूनच. कुत्र्यासाठीं त्यावर लस आहे, आणि मावळासारख्या ओल्या मुलखांत ती चुकवूं नये असें सर्व पशुवैद्य सांगतात.

मूत्रपिंडांची गोष्ट ह्याहून विलक्षण आहे. म्हाताऱ्या कुत्र्याचीं आणि विशेषतः मांजराचीं मूत्रपिंडें हळूहळू निकामी होतात. पण त्यांचा सुमारें तीन चतुर्थांश भाग निकामी होईपर्यंत रक्ताच्या नेहमींच्या तपासणींत कांहींच दिसत नाहीं. मांजर तर दुखणें लपविण्यांत फारच निष्णात. तें फक्त थोडें अधिक पाणी पितें. ह्या एका खुणेवरून संशय घेणें, लघवी किती पातळ झाली आहे तें मोजणें, ध्वनिलहरींच्या यंत्रानें मूत्रपिंडाचा आकार पाहणें, रक्तदाब घेणें, आणि मग आहार बदलून राहिलेला चतुर्थांश जपणें, हें एका दवाखान्यांत गायीच्या विण्यापासून शेळीच्या लशीपर्यंत सर्व पाहणाऱ्या डॉक्टराकडून अपेक्षिणें अन्यायाचें होय. त्यासाठीं वेगळा अभ्यास केलेला मनुष्य लागतो.

असा वेगळा अभ्यास ही अलीकडची वस्तु. अमेरिकेंत पशूंच्या अंतर्विकारतज्ज्ञांची स्वतंत्र परिषद १९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत निघाली. कुत्र्यांच्या लहान पिल्लांचीं आंतडीं जाळणारा पार्व्हो हा रोग १९७८ सालीं एकाएकीं सबंध जगभर पसरला, तेव्हां अशा तज्ज्ञांची गरज सामान्य लोकांनाहि कळून चुकली. आपल्याकडे १९८४ सालीं पशुवैद्यक परिषदेचा कायदा झाला. १९८८ सालीं शिरवळ येथें नवीन महाविद्यालय निघालें. २००० सालीं नागपूरला पशुविज्ञानाचें स्वतंत्र विद्यापीठ स्थापन होऊन मुंबईचें जुनें महाविद्यालयहि त्यांत गेलें. पदवीनंतर पशूंच्या अंतर्विकारांचाच अभ्यास केलेले डॉक्टर ह्या संस्थांतून बाहेर पडतात आणि बहुतेक पुण्यामुंबईसच दवाखाना घालतात. त्यांना दोष कोणी द्यावा? यंत्रें महाग, आणि यंत्रांचा खर्च निघण्याइतके रुग्ण मोठ्या शहरांतच असतात.

१ जुलै २०२४ रोजीं मुंबईस महालक्ष्मी येथें टाटा न्यासांचें लहान प्राण्यांचें पांच मजली रुग्णालय सुरू झालें. रतन टाटा ह्यांना आपल्या कुत्र्याच्या सांध्याच्या शस्त्रक्रियेसाठीं त्यास अमेरिकेंत मिनेसोटा विद्यापीठांत न्यावें लागलें होतें, आणि तेथें पोहोंचेपर्यंत उशीर झाला होता, असें त्यांनींच सांगितलें आहे. रुग्णालय सुरू झाल्यावर सवातीन महिन्यांनीं, ९ ऑक्टोबर २०२४ रोजीं, ते वारले. परळचें पेटिट रुग्णालय आणि महालक्ष्मीचें हें रुग्णालय ह्यांमध्यें अंतर थोड्या मैलांचें, आणि काळ एकशेंचाळीस वर्षांचा. देणारे हात एकाच समाजाचे.

लोणावळ्याहून पुणें रेल्वेनें ६४ किलोमीटर, आणि मुंबईचें छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस १२८. २००२ पासून द्रुतगति महामार्ग पुरा खुला झाला, त्यामुळें आजारी कुत्रें मोटारींत घालून दोहोंपैकीं एका शहरीं नेणें पूर्वींइतकें दुर्घट राहिलेलें नाहीं. मात्र पावसाळ्यांतल्या शनिवारीं-रविवारीं हाच घाट मोटारींनीं असा तुंबतो कीं, रुग्ण वाटेंतच खालावतो. म्हणून समंजस लोक रक्त आणि लघवी स्थानिक डॉक्टराकडून घेववून आधीं पुण्यास तपासणीला पाठवितात, निकाल दूरध्वनीवर तज्ज्ञाला कळवितात, आणि खरोखर गरज असेल तेव्हांच कुत्र्याला हलवितात. स्थानिक डॉक्टराला ह्यांत कमीपणा नाहीं. सलाइन लावणें, ताप पाहणें, ठरलेलें औषध रोज देणें, हें सगळें तोच करतो.

ह्या व्यवस्थेंत एक माणूस सहसा मोजला जात नाहीं. लोणावळ्याच्या बंगल्यांतील घरधनी शनिवारीं येतो आणि रविवारीं संध्याकाळीं परततो. मधले पांच दिवस कुत्र्याला भाकरी घालतो तो माळी किंवा रखवालदार, बहुधा आसपासच्या मावळ खेड्यांतलाच. कुत्रें मंगळवारीं जेवण सोडतें आणि धन्याला शनिवारीं दिसतें, तोंवर चार दिवस गेलेले असतात. पुण्याचा तज्ज्ञ जेव्हां विचारतो कीं, पाण्याचें भांडें दिवसांतून किती वेळां भरावें लागतें, लघवी रात्रींहि होते काय, उलटी जेवणानंतर लगेच होते कीं उशीरानें, गोचिडी केव्हांपासून दिसल्या, तेव्हां मोटारीजवळ उभा असलेला मालक गोंधळतो आणि मागें वळून पाहतो. माळी पुढें येतो. भांडें आठवड्यापूर्वीं दोनदां भरीत असे, आतां पांचदां भरतो, असें तो सांगतो, आणि डॉक्टर तें कागदावर लिहून घेतो.